आधी सांधा, मग चेहरा

शाळेत बाहुल्या करण्याची कार्यशाळा असली की पहिल्या अर्ध्या तासात एकच काम जोरात चालते: डोळे चिकटवणे. डोळे झाले की भुवया, मग मिश्या, टिकली, गजरा. धड कशाचे करायचे हे अजून ठरलेले नसते, पण कानातले डूल तयार असतात. शेवटी बाई म्हणतात, "चला, आता हलवून दाखवा," आणि वर्गभरच्या बाहुल्या काठीला टोचलेल्या कणसांसारख्या नुसत्या डोलतात. देखण्या असतात, पण करत काहीच नाहीत.

मुलांना चेहऱ्याची ओढ असणारच. पण हलणारी बाहुली शिकवायची तर क्रम उलटा धरावा लागतो. आधी सांधा, मग चेहरा. राजस्थानची कठपुतळी बघा. तिच्या लाकडी चेहऱ्यावरची एक रेष हलत नाही. तिला पायसुद्धा नसतात, कमरेखाली असतो तो नुसता घोळदार घागरा. तरी ती गिरकी घेते, लाजते, भांडते, आणि ती पायांवर नाचते आहे असेच बघणाऱ्याला वाटते. हे सगळे मान, कंबर आणि हात यांच्या जोरावर. ज्या बाहुलीची मान वळते तिला डोळे काढले नसले तरी ती कुणाकडे बघते आहे ते मुलांना बरोबर कळते.

टाकाऊ सामान उपयोगी पडते ते इथे, आणि ते फुकट मिळते म्हणून नव्हे. दुकानातून आणलेला कार्डशीट सपाट आणि कोरा असतो. वापरून टाकलेल्या वस्तूत मात्र कुणीतरी आधीच हालचाल घालून ठेवलेली असते. शाम्पूच्या बाटलीचे उघडझाप करणारे झाकण म्हणजे तयार जबडा. मोडक्या छत्रीची काडी मधेच दुमडते, तिला कोपर आहेच. कपड्यांच्या चिमट्यात स्प्रिंग आहे, टूथपेस्टच्या खोक्याला उघडमीट होणारी पाकळी आहे, संपलेल्या स्केचपेनमध्ये काडी वरखाली सरकवायला सरळ नळी आहे. हा ढीग वर्गाच्या मधोमध ओतून "यातले काय काय हलते?" एवढेच विचारले तरी पहिला तास कारणी लागतो. सामानाचे गट पाडायचे तेही रंगावरून किंवा प्लास्टिक-कागद असे नाही, तर दुमडणारे, फिरणारे, सरकणारे, उसळणारे असे.

'टाकाऊतून टिकाऊ' स्पर्धांनी या विषयाचे थोडे नुकसानच केले, असे माझे मत आहे. रिकामी बाटली आणायला सांगितली म्हणून भरलेली विकत घ्यायची, सरबत पातेल्यात ओतायचे आणि बाटली शाळेत धाडायची, असे चालते. वर सोनेरी कागद, चमकी, थर्माकोल यांचा खर्च वेगळाच. बक्षीस बहुधा आईच्या नाहीतर काकाच्या हाताला मिळते. विकत आणायचा तो फक्त दोरा आणि डिंक, एवढा एकच नियम ठेवला तरी बरीच सोंगे गळून पडतात.

या नियमात चपखल बसणारी एक जगप्रसिद्ध बाहुली आहे. १९५५ साली अमेरिकेत जिम हेन्सन नावाच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलाने आईचा टाकून दिलेला हिरवट कोट कापला, पिंगपाँगच्या चेंडूचे दोन अर्धे करून त्याला डोळे लावले, आणि पुढे बेडूक म्हणून गाजलेला केर्मिट जन्माला आला. तेव्हा तो बेडूक आहे असेही ठरलेले नव्हते. ती पहिली बाहुली आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे. तिच्या चेहऱ्यात पाहण्यासारखे फार काही नाही. जे आहे ते आतल्या हातात: चार बोटे वरच्या ओठात, अंगठा खालच्या.

शाळेच्या जुन्या मोज्यात पुठ्ठ्याचा दुमडलेला गोल घातला की असेच तोंड होते. मुले ते हमखास उलटे चालवतात. बोलताना चार बोटे वर उचलतात, त्यामुळे प्रत्येक शब्दाला डोके मागे कलंडते आणि बाहुली आढ्याशी गप्पा मारू लागते. आपला वरचा जबडा हलत नाही, खालचा हलतो, हे आरशासमोर हनुवटीला बोट लावून बोलले की लगेच कळते. म्हणून बोटे स्थिर ठेवायची आणि अंगठा खाली पाडायचा. शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांच्या अर्धवटराव या बाहुल्याचा किंवा 'झपाटलेला' चित्रपटातल्या तात्या विंचूचा जबडाही खालीच पडतो. दुसरी खोड म्हणजे अक्षर उच्चारताना तोंड मिटणे. उच्चाराला तोंड उघडले पाहिजे आणि अक्षरांच्या मधे मिटले पाहिजे, नाहीतर बाहुली शब्द चावते. 'नमस्कार' म्हणायला तीन उघडझापा लागतात. वर्गाने एकसाथ तीस मोज्यांनी नमस्कार घालून बघावा, मजा येते आणि सरावही होतो.

पुढचा पाठही काही चिकटवण्याआधीचा आहे. वर्तमानपत्राचे दोन-तीन मोठे कागद चुरगाळून, पिळून, दोऱ्याने चार-पाच ठिकाणी आवळले की हातभर लांबीचा कागदी माणूस तयार होतो. नाक-डोळे काहीच नाहीत. एका माणसामागे तीन मुले. ही वाटणी जपानच्या बुनराकू या बाहुलीनाट्याची: मुख्य सूत्रधाराकडे डोके आणि उजवा हात, दुसऱ्याकडे डावा हात, तिसऱ्याकडे पाय. तिकडच्या परंपरेत दहा वर्षे पाय, मग दहा वर्षे डावा हात, आणि मग कुठे डोके हाती येते असे सांगतात. शाळेत तेवढा धीर कुणाला नाही, दर पाच मिनिटांनी जागा बदलाव्यात.

या तिघांना पहिले काम चालण्याचे द्यायचे नाही, श्वास घेण्याचे द्यायचे. छाती बोटभर वर, बोटभर खाली. केप टाउनच्या हँडस्प्रिंग पपेट कंपनीने लंडनच्या 'वॉर हॉर्स' नाटकासाठी २००७ साली वेताच्या सांगाड्याचा पूर्ण उंचीचा घोडा केला, तोही तिघेच चालवतात आणि त्याचाही जीव आधी श्वासातच असतो. दुसरे काम पाहण्याचे. खडू पडला तर आधी डोके वळेल, मग खांदे, मग पाय निघतील. या क्रमाने गेले की कागदाचा बोळा खडू शोधायला निघालेला दिसतो. सगळे एकदम निघाले की तो पुन्हा बोळा होतो. हे मुलांना सांगावे लागत नाही, समोर बसलेली बाकीची मुलेच ओरडून सांगतात.

मग करायची ती दोरी ओढली की हातपाय उडवणारी बाहुली. १७४०च्या दशकात पॅरिसमधल्या मोठ्या माणसांनाही हिचे वेड लागले होते. आपल्याकडे तिच्यासाठी उत्तम माल प्रत्येक घरात पडून असतो: जुन्या लग्नपत्रिका. टाकवत नाहीत आणि ठेवूनही उपयोग नसतो. दोन पत्रिका खळीने एकमेकींवर चिकटवून रात्रभर वह्यांच्या गठ्ठ्याखाली दाबल्या की पातळ पण ताठ पुठ्ठा मिळतो. त्यातून लेझीम खेळणारी मुलगी कापायची. डोके-धड एकत्र, दोन हात, दोन पाय, असे पाच तुकडे.

हात धडाच्या मागे लावायचे. प्रत्येक हाताच्या खांद्याकडच्या टोकाला दाभणाने दोन भोके पाडायची. एक टेकूचे: त्यातून दोरा ओवून धडाच्या पुढच्या बाजूला शर्टाचे बटण आणि मागे गाठ, म्हणजे हात त्याभोवती फिरेल. दुसरे भोक त्याच्यापासून १ सेंटिमीटर वर आणि छातीच्या बाजूला. हे ओढदोरीचे. गाठ सैल हवी. हात वर करून सोडला तर तो आपसूक खाली पडला पाहिजे, अधांतरी राहिला तर गाठ घट्ट झाली आहे. मग बाहुली बाकावर पालथी ठेवून, हात खाली सोडलेल्या स्थितीत, दोन्ही ओढदोरीची भोके आडव्या दोऱ्याने जोडायची. दोरा ढिला राहता कामा नये. पायांचेही तसेच. शेवटी एक उभी दोरी वरच्या आडव्या दोऱ्याच्या मध्याला बांधायची, खालच्याच्या मध्याला बांधायची आणि तशीच खाली लोंबत सोडून टोकाला बाटलीचे बूच अडकवायचे.

आता गंमत सुरू होते. मुले ती बाकावरच ओढून बघतात. हात वर जातात आणि तिथेच राहतात. "बाई, बिघडली." बिघडलेली नसते, आडवी असते. उभी धरली की हात आपल्याच वजनाने खाली येतात. म्हणजे वर नेण्याचे काम दोरीचे आणि खाली आणण्याचे गुरुत्वाकर्षणाचे, हे कुणी फळ्यावर न लिहिता समजते. मग एखादा हुशार मुलगा म्हणतो, हात आणखी जड करू, म्हणजे पटकन पडतील. तो लेझीमच्या जागी लोखंडी वॉशर चिकटवतो. आता दोरी ओढायला जोर लागतो, आडवा दोरा ताणतो आणि पत्रिका खांद्याशी वाकते.

हिशेब सरळ आहे. टेकूपासून ओढदोरीचे भोक १ सेंटिमीटरवर आणि तळवा ८ सेंटिमीटरवर असेल, तर दोरीचे भोक १ सेंटिमीटर सरकते तेव्हा तळवा सुमारे ८ सेंटिमीटरची झेप घेतो. पण तळव्यावरचे वजन उचलायला दोरीला त्याच पटीत, म्हणजे सुमारे आठपट ओढ द्यावी लागते. ही पहिल्या प्रकारची तरफ. विज्ञानाच्या पुस्तकात 'साधी यंत्रे' या धड्यात पहार आणि सी-सॉची चित्रे असतात, तिथे थोड्या जोरात जास्त वजन उचलले जाते. इथे व्यवहार उलटा आहे: जोर जास्त द्यायचा आणि त्या बदल्यात लांबवर हालचाल घ्यायची. आपला स्वतःचा कोपरही याच उलट्या व्यवहारावर चालतो.

भोकाची जागा चुकवणारे एखादे कार्टे प्रत्येक वर्गात असते, आणि त्याचे आभारच मानायला हवेत. टेकूच्या वर पाडायचे भोक त्याने खाली, दंडाच्या बाजूला पाडलेले असते. दोरी ओढली की त्याची मुलगी लेझीम सोडून दोन्ही हातांनी पोट धरते. हे दुरुस्त करायला लावू नये. पोट दुखणारी बाहुली नाटकात कामाची असते, आणि भोक कुठे पाडले की हात कुठे जातो हे साऱ्या वर्गाला एकदम दिसते.

सांधा म्हटला की पुण्याच्या अरविंद गुप्तांची आठवण येणारच. कानपूरच्या आयआयटीतून शिकलेले हे इंजिनिअर १९७८ साली टेल्को कंपनीतून रजा घेऊन होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले, आणि तिथे त्यांनी आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व ट्यूबचे बारके तुकडे यांची जोडणी केली. पुढे पुण्यात आयुका या खगोलविज्ञान संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी वर्षानुवर्षे कचऱ्यातून खेळणी केली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तीन काड्या ट्यूबने जोडून त्रिकोण करा, तो दाबून हलत नाही. चार काड्यांचा चौकोन करा, तो लगेच तिरका होतो. बाहुली करणाऱ्याला दोन्ही लागतात. धड आणि स्टँड त्रिकोणांचे, हात आणि मान चौकोनांची. एवढे कळले की काड्यांचा हलणारा सारस कसा करायचा हे मुले आपणच शोधतात. काड्यांची गुले आधी घासून टाकावीत, हे सांगायला नकोच.

गुडघा आणि कोपर यांत मात्र सगळे अडखळतात. अगरबत्तीच्या दोन रिकाम्या खोक्यांची मांडी आणि पोटरी केली, मधे कापडाची पट्टी चिकटवली, की पाय दोन्हीकडे लुळा पडतो किंवा बगळ्यासारखा भलतीकडे वळतो. पट्टी कुठल्या बाजूला आहे यावर सारे आहे. खोकी टोकाला टोक भिडवून ठेवायची आणि ज्या बाजूला दुमडायचे त्याच बाजूला पट्टी लावायची. गुडघ्याला मागे, कोपराला पुढे. मग दुसऱ्या बाजूच्या कडा एकमेकींवर आपटतात आणि सांधा तिकडे जात नाही. घराच्या दारालाही बिजागरी ते ज्या बाजूला उघडते त्याच बाजूला असते, तेही या निमित्ताने मुले तपासून येतात. पट्टी कापडाची असेल तर पाय ढिला पडतो, म्हाताऱ्या आजोबांना तो शोभतो. सायकलच्या फाटक्या ट्यूबची असेल तर वाकवून सोडला की परत सरळ होतो. बेडूक आणि कवायत करणारा शिपाई यांना रबरच हवे.

दोऱ्यांवर नाचणारी कळसूत्री बाहुली सातवी-आठवीच्या आधी घेऊ नये. ती अवघड म्हणून नव्हे, तर गुंता सोडवण्याचा धीर त्या वयातच येतो म्हणून. इथे सगळ्यात मोठी अडचण कचऱ्याच्या हलकेपणाची. कागद आणि प्लास्टिकची बाहुली पंख्याच्या वाऱ्यानेही भरकटते, दोरे ताणलेले राहत नाहीत, पाय जमिनीला टेकत नाहीत. परंपरेतल्या बाहुल्या लाकडाच्या, त्यामुळे त्यांना हा प्रश्न फारसा येत नाही. आपण तळपायांच्या डब्यांत वाळू किंवा गंजके नट भरायचे, थोडे ढुंगणाशी, आणि डोके हलकेच ठेवायचे. आइस्क्रीमच्या काड्यांची किंवा मोडक्या फूटपट्टीची फुली करून तिला दोरे बांधायचे. डोक्याच्या दोन बाजूंचे दोन दोरे सगळा भार पेलतात, हातांना एकेक, आणि वाकून नमस्कार करायला पाठीला एक. पहिल्या बाहुलीला एवढे पुष्कळ झाले. तंगूस दिसत नाही म्हणून मोह होतो, पण त्याच्या गाठी निसटतात. काळा शिवणाचा दोरा दुहेरी करून घ्यावा. दोरे बांधताना दोघे लागतात: एकाने फुली आपल्या कोपराच्या उंचीला धरायची, दुसऱ्याने बाहुली जमिनीवर उभी करून एकेक दोरा ताणून बांधायचा.

याउलट जड बाहुलीचा भार पेलायचा प्रश्न जाणत्या कलावंतांनाही सुटलेला नाही, त्यांनी आपापल्या वाटा काढल्या एवढेच. तमिळनाडूच्या बोम्मलाट्टममधल्या बाहुल्या इतक्या मोठ्या आणि जड असतात की त्यांचे दोरे सूत्रधाराच्या डोक्यावरच्या लोखंडी कड्याला बांधलेले असतात. तो मान हलवतो आणि बाहुली नाचते, हात मोकळे राहतात ते बाहुलीचे हात हलवण्यासाठी. आपल्याकडे सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्यांचा सावलीचा खेळ आणि चित्रकथी या कला सावंतवाडीच्या राजाश्रयापासून आजवर जपल्या. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. त्यांनी आपल्या गोठ्यातच या कलांचे संग्रहालय केले. कोकणात सहल काढणाऱ्या शाळांनी समुद्रकिनाऱ्याच्या यादीत पिंगुळीही घालायला काय हरकत आहे? आपण बांधलेली गाठ आणि पिढ्यान्पिढ्या बांधली जाणारी गाठ यांतला फरक मुलांना शेजारी ठेवूनच दिसेल.

ज्यांना दोऱ्यांचा कंटाळा आहे अशांसाठी खोक्यातली बाहुली. बुटांच्या खोक्यातून सायकलचा आरा आडवा घालायचा, एक टोक वाकवून त्याचा दांडा करायचा. आत पुठ्ठ्याची गोल चकती, पण भोक मध्यापासून १ सेंटिमीटर बाजूला. चकतीवर टेकलेली खराट्याची काडी स्केचपेनच्या नळीतून खोक्याच्या वर आणली आणि तिला कोंबडा चिकटवला, की दांडा फिरवताच कोंबडा २ सेंटिमीटर वरखाली होतो. शिलाई मशीन आणि मोटारीच्या इंजिनातही फिरण्याचे वरखाली होणे असेच घडवलेले असते. मुलगे याला लगेच लागतात. मुलीही लागतात, फक्त खोके आधी त्यांच्या हातात द्यावे लागते.

काही गोष्टींवर तडजोड नको. औषधांच्या आणि कीटकनाशकांच्या बाटल्या, फुटलेले सेल, ट्यूबलाइट हे घरूनच वर्ज्य. दुधाच्या आणि ताकाच्या पिशव्या धुऊन उन्हात वाळवल्याशिवाय वर्गात नकोत, दुसऱ्या दिवशी वास कुणाला सोसत नाही. कटर शिक्षकांच्याच हाती. प्लास्टिकच्या बाटलीची कापलेली कड पात्यासारखी असते, तिच्यावर लगेच कागदी पट्टी चिकटवावी. खळ मैद्याची, ताजी, आणि त्याच दिवशी संपवायची. उरलेली ठेवली तर आंबते, आणि चिकटवलेल्या वस्तूंवर उंदीर-झुरळे येतात.

खेळासाठी रंगमंच लागत नाही. दोन बाक पाठीला पाठ लावून मधे जुनी साडी ताणली की झाले. संवाद पाठ करायला लावण्यात अर्थ नसतो, बाहुलीला जे करता येते त्यावरूनच गोष्ट रचावी. जिचे फक्त तोंड उघडते ती भांडखोर शेजारीण, पोट धरणारी ती तिची लबाड मुलगी, कोंबड्याचे काम आरवण्याचे, आणि सावकाश मान वळवणारा कागदी माणूस गावात नवा आलेला पाहुणा. डोळे, भुवया, गजरे आता चिकटवायचे असतील तर चिकटवू द्यावेत. बहुतेकांना तोवर त्यांची घाई उरलेली नसते.

खेळ झाल्यावर कळसूत्री बाहुल्या पिशवीत कोंबू नयेत. फुलीला दोरे गुंडाळून खिळ्याला टांगाव्यात. बाकीच्यांसाठी दुरुस्तीचा एक डबा ठेवावा, त्यात सुटी बटणे, ट्यूबचे तुकडे, दाभण, दोरा आणि थोड्या कापलेल्या लग्नपत्रिका. पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त तुटतात ते लेझीमवालीचे खांदे, तेव्हा तिचे दोन हात जास्तीचे कापून ठेवलेले बरे.